डाव्या कोपऱ्याची पेन्शन

आमच्या सोसायटीच्या बागेत रोज सकाळी पेन्शनरांचा अड्डा बसतो. त्यात सगळ्यात लहान सदस्य मी. बाकीचे सत्तरीच्या आगेमागे, आणि मी अजून चाळिशीलाही पोचलेलो नाही. महागाई भत्ता कधी वाढणार, गुडघ्याची वाटी बदलावी की नाही आणि सुनेला सकाळी लवकर उठायला काय होतं, या तिन्ही विषयांवर माझं मत विचारलं जातं आणि मी ते देतो. मला ना महागाई भत्ता आहे, ना सून. गुडघा मात्र आहे, आणि तो त्या सगळ्यांच्या गुडघ्यांपेक्षा जास्त वाजतो.

मी बुद्धभूषण बबन रामटेके. कबड्डी खेळायचो. लीगमध्ये ‘यमुना टस्कर्स’ नावाचा संघ होता, त्यात मी डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो. चढाई करणाऱ्याचं नाव पोरासोरांना पाठ असतं, कोपऱ्यातल्याचं फक्त त्याच्या आईला. माझी आई, कौसल्या, तर टीव्हीवर तोंड दिसायची वाटही बघायची नाही. “ते कोपऱ्यातले काळे पाय दिसले की समजायचं, आपला भूषण,” असं ती शेजारणींना सांगायची. मी खेळ सोडला त्याच वर्षी ती गेली. मैत्री, माझी बहीण, लग्न करून पुण्याला. दिल्लीत द्वारकेच्या आमच्या तीन खोल्यांत उरलो मी आणि बाबा, दोन पेन्शनर. महिनाअखेरीला दोघांचे फोन एका दिवसाच्या फरकाने वाजायचे, आणि बाबा दरवेळी विचारायचे, “आली का तुझी?”

तेहतिसाव्या वर्षी मला पेन्शन कशी लागली, ते सांगतो. करारात तिला पेन्शन म्हणत नाहीत, काहीतरी लांबलचक नाव आहे. अर्थ इतकाच की संघाने माझ्या मानधनातले निम्मे पैसे हातात द्यायचे आणि निम्मे राखून ठेवायचे. ते राखलेले पैसे मी खेळ सोडल्यावर बारा वर्षं महिन्याच्या महिन्याला द्यायचे. परदेशातल्या बड्या खेळाडूंचे असे करार असतात म्हणे. आमच्या संघात असा करार करणारा मी एकटाच, आणि तो करून घेतला बाबांनी.

बाबा कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात हिशेबनीस होते. भंडाऱ्याहून ऐन विशीत आले, तिथेच लागले, तिथूनच निवृत्त झाले. आमदारांपासून आमदारांच्या मेहुण्यांपर्यंत सगळ्यांच्या जेवणाची बिलं त्यांनी केली आणि एका पोळीचाही घोळ होऊ दिला नाही. माझ्या बरोबरीच्या पोरांचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. कोणी मोठी काळी गाडी घेतली, कोणी गावात बंगला काढला आणि स्लॅब पडायच्या आत कारकीर्द आटोपली. बाबा म्हणाले, “पैसा एकदम आला की पाहुणेही एकदम येतात. महिन्याच्या महिन्याला आला तर फक्त किराणा येतो.” मग सफारी घालून ते माझ्याबरोबर संघाच्या ऑफिसात आले आणि वकिलांसमोर अशा थाटात बसले की त्यांना वाटलं, मुलगा हिशेबनीस आहे आणि कबड्डी खेळतात ते हे. मी बाहेर पोरांशी टिवल्याबावल्या करत होतो. आत बोलावलं तेव्हा जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. बाबांनी वाचलंय म्हटल्यावर मी कशाला वाचू?

करार चोख निघाला. एकदाही पैसे चुकले नाहीत. सरकारी नोकरीत असते तशी वार्षिक वाढसुद्धा बाबांनी त्यात घालून घेतली होती, त्यामुळे आकडा दरवर्षी फुगत गेला. शेवटी शेवटी तो एका बऱ्यापैकी अधिकाऱ्याच्या पगाराच्या वर गेला होता. फक्त त्यात एक अट होती. जोवर पैसे मिळताहेत तोवर मी कबड्डीशी कुठल्याही स्वरूपात संबंध ठेवायचा नाही. खेळायचं नाही, शिकवायचं नाही, पंच व्हायचं नाही, माइक हातात घेऊन बोलायचं नाही. मोडली तर उरलेले सगळे पैसे बुडाले.

आपला गडी दुसऱ्या संघाला डावपेच शिकवील अशी कंपनीला भीती असणार, असं मी धरून चाललो. पहिलं वर्ष तर मजेत गेलं. उशिरा उठायचं, पोटभर खायचं, गुडघ्याला शेक घ्यायचा. दुसऱ्या वर्षी दोस्तांचे फोन यायचे, “आज सराव है, आ जा.” मी नाही म्हणायचो. तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारणं सोडलं, आणि त्यांची काही चूक नव्हती. दरवेळी नाही म्हणणाऱ्याला माणूस किती वेळा बोलावणार? आमच्या जुन्या संघाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर आता फक्त वाढदिवसाचे केक येतात. मी सगळ्या केकांना अंगठा दाखवतो.

दुसरं काही करून पाहिलं नाही असं नाही. एका प्रॉपर्टी डीलरकडे बसलो, एका जिममध्ये बसलो. पण घरबसल्या पैसे येत असताना दुसऱ्याची बोलणी खायला मन तयार होत नाही. लग्नाचंही तसंच. मैत्रीने नागपूरकडची दोन-तीन स्थळं आणली. मुलीकडचे विचारायचे, मुलगा काय करतो? बाबा छाती काढून सांगायचे, “रिटायर्ड आहे. पेन्शन आहे.” समोरची माणसं चहा संपवून उठायची. तेहतीस-चौतीस वर्षांच्या रिटायर्ड माणसाला कोण मुलगी देणार?

आणि ती अट माझ्यापेक्षा बाबाच जास्त पाळायचे. एका चौदा एप्रिलला विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत पोरं कबड्डी खेळत होती. पंच कोणी नव्हता, भांडणं चालली होती. “अंकल, आप बोलो, ये आउट है ना?” असं एका पोरीने विचारलं आणि मी रेषेच्या आत पाय टाकला. खिरीचं पातेलं सोडून बाबा लगबगीने आले. “भूषण, बाहेर ये. करारात बसत नाही.” चारचौघांत. मी हसण्यावारी नेलं आणि बाहेर आलो, पण त्या दिवशी खीर न खाताच घरी गेलो. तुम्हाला खोटं वाटेल, पण रिकामेपणा पोटात दुखतो. खरोखरीचा दुखतो, बरगडीच्या खाली.

अशी सहा वर्षं गेली. सहा राहिली होती. मग गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी धीरजचा फोन आला.

धीरज आमच्या संघातला सोनिपतचा गडी, माझ्यासारखाच बचावातला. सध्या तो मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या संघाला शिकवायचा. त्याला गावाकडे सरकारी शाळेत नोकरी लागली होती. म्हणाला, “मैं तो महीने के आखिर में निकल रहा हूं. लड़के अच्छे हैं यार. तू संभाल ले.”

“मला... मैं नहीं कर सकता. तुझे मालूम है.”

“देखने में क्या जाता है? देख तो ले.”

बघण्याला करारात बंदी नव्हती. मी गेलो. कंपनीच्या बसगाड्यांच्या रांगेमागे माझी गाडी सरकत सरकत मानेसरला पोचली. कारखान्याच्या मागे तारेचं कुंपण आणि आत मातीचं मैदान. पाळी संपवून आलेली पोरं, कोणाच्या अंगात अजून कंपनीची पँट, कोणी अनवाणी. मी कुंपणाबाहेर उभा राहिलो. पहिली चढाई सुरू झाली आणि माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या.

त्यांचा डाव्या कोपऱ्यातला पोरगा ताकदीचा होता, पण फार लवकर झेपावायचा. चढाईवाल्याचं वजन कोणत्या पायावर आहे ते पाहायचं असतं, हा त्याच्या तोंडाकडे पाहायचा. तीनदा हुकला. एक वाक्य पुरलं असतं. धीरज कुंपणाशी येऊन म्हणाला, “बोल ना कुछ.” मी मान हलवली. तो हसला. “चुप रहने के पैसे मिलते हैं तुझे? भाई, हमें भी दिलवा दे कहीं.”

सराव सुटल्यावर तो कोपऱ्यातला पोरगा माझ्याजवळ आला. नाव संग्राम. रेवाडीकडचा, पंचविशीचा, मनगटावर वेल्डिंगचे डाग. तो थेट माझ्या पायांकडे पाहत होता.

“सर, आप वही हो ना? टस्कर्स के लेफ्ट कॉर्नर? मेरे चाचा आपका एंकल होल्ड दिखाते थे हमें, मोबाइल पे.”

मी काय करायला हवं होतं? हो म्हणायला काय जात होतं? पण त्याच्या हातात फोन होता, मागे चार पोरं उभी होती, एखादा फोटो कुठेतरी चढला असता आणि कोणीतरी विचारलं असतं, हा तिथे काय करतोय. मी म्हणालो, “नहीं भाई. कोई और होगा.”

“सॉरी सर,” तो म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

परतताना हायवेवर मी गाडी बाजूला घेतली आणि रडलो. हुंदके देऊन, लहान पोरासारखा. सहा वर्षं मी कबड्डी खेळलो नव्हतो ते एक वेळ चाललं होतं. पण मी मी नाही, असं माझ्या तोंडाने सांगितलं होतं. त्यासाठी महिन्याच्या महिन्याला पैसे घेत होतो.

दुसऱ्याच दिवशी मी गुरुग्रामला संघाच्या ऑफिसात गेलो. व्यवस्थापक विक्रांत करार झाला तेव्हाही होता. तेव्हा केस होते, आता नव्हते. माणूस वाईट नाही. कॉफी दिली, गुडघ्याची चौकशी केली. मी सांगितलं, लीग नको, मोठं काही नको. कारखान्यातली पोरं आहेत, आठवड्यातून चार संध्याकाळी शिकवायचं आहे. एवढी सूट द्या.

तो बराच वेळ हनुवटी खाजवत राहिला. मालक बदलले होते, नव्या मालकांचे वकील कडक होते. एकाला सूट दिली की करारच ढिला होतो, असं त्यांचं म्हणणं. “और भूषण भाई, सच बताऊं? वो तो चाहेंगे ही कि आप शर्त तोड़ो. आगे के छह साल ही तो महंगे हैं.”

“मग तुम्ही... तो आपने ऐसी शर्त डाली ही क्यूं? मैं कौन सा आपका राज़ बेच देता?”

विक्रांतने कप खाली ठेवला. “हमने?” तो म्हणाला. “हमारे कागज़ में तो ये लाइन थी ही नहीं. ये आपके पापा ने डलवाई थी. हम तो हैरान रह गए थे. आज तक किसी खिलाड़ी ने खुद अपने ऊपर शर्त नहीं लगवाई. वकील साहब ने दो बार पूछा, अंकल, पक्का? बोले, बिल्कुल. बिना शर्त का पैसा नहीं चाहिए.”

मला वाटलं, तो गंमत करतोय. तो करत नव्हता. निघताना त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “छूटने का तो एक ही रास्ता है. पैसा छोड़ दो, आप आज़ाद.”

घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात बाबांशी इतका भांडलो होतो की दार उघडलं तेव्हा माझा घसा बसलेला होता. बाबा जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसले होते. हिवाळ्यात हा त्यांचा छंद. पाच-पाच किलो आणतात, सोलतात आणि फ्रीजमध्ये कोंबतात. खाणारे आम्ही दोघं.

“बाबा, ती अट तुम्ही घातली?”

कोणती, असं त्यांनी विचारलं नाही. दोन-तीन शेंगा सोलल्या आणि म्हणाले, “हो.”

“माझ्या करारात? माझ्याविरुद्ध?”

“विरुद्ध कशाला? नोकरीत असताना मलाही अट होतीच. दुसरं काम करायचं नाही, धंदा करायचा नाही. अट आहे म्हणून तर पगार हक्काचा.”

“तो सरकारचा नियम होता! इथे कोणी मागितली नव्हती अट. फुकट मिळत होते पैसे, कमावलेले होते माझे, आणि तुम्ही त्यांना सांगितलंत, याला बांधून घाला? सहा वर्षं झाली बाबा. सहा वर्षं मी तुमच्या त्या पेन्शनरांमध्ये बसून म्हाताऱ्यांचं मधुमेहाचं ऐकतोय. एक दोस्त उरला नाही मला. काल एका पोराने ओळखलं तर मी त्याला सांगितलं, तो मी नव्हेच. तुमच्या त्या एका ओळीमुळे!”

मी ओरडत होतो. बाबांसमोर मी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. त्यांनी सोललेले दाणे एका बाजूला केले, टरफलं एका बाजूला केली. मग बोलायला लागले, ऑफिसात बोलायचे त्याच आवाजात.

“माझा बाप वर्षभर गावाचं काम करायचा. मेलेलं ढोर ओढ, निरोप घेऊन जा, लाकडं फोड. मोबदला मिळायचा सुगीला. काम आधी, मोबदला मागून. तुझ्या करारासारखंच. सुगी आली की तो खळ्यावर जाऊन उभा राहायचा. कोणी सूपभर द्यायचं, कोणी ओंजळभर, कोणी म्हणायचं पुढच्या वर्षी बघू. काम केलेलं असायचं, तरी देणारा द्यायचा ते उपकार केल्यासारखं. मी बारका होतो, टोपलं धरून त्याच्या मागे उभा असायचो. मग बाबासाहेबांचं ऐकून आमच्या लोकांनी ते सगळं सोडलं, आणि बापाने मला शाळेत घातलं.”

 आजोबांनी गावकीचं काम सोडलं एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या टोपल्याचं बाबा कधी बोलले नव्हते.

“महिन्याच्या महिन्याला द्या असं मीच म्हटलं होतं, पण तो वकील म्हणाला, आधी खेळा, पैसे मागून देऊ. मला ते खळं आठवलं, भूषण. मागून मिळणाऱ्या पैशाचं मला माहीत आहे. त्याच्या दारात उभं राहावं लागतं. मी म्हटलं, आमच्या बाजूनेही काहीतरी लिहा. आम्ही हे हे करणार नाही, आणि त्याबद्दल तुम्ही हे हे देणार. दोन्हीकडून बांधलं की मग कोणी उपकार करत नसतो. अट नसेल तर तो पैसा देणाऱ्याच्या मर्जीचा. मला तुला कोणाच्या मर्जीवर ठेवायचं नव्हतं.”

“पण कमावलेलं होतं बाबा. लिहिलेलं होतं. अट नसती तरी ते हक्काचंच होतं.”

“असेल,” बाबा म्हणाले. “मला तेव्हा खरं वाटलं नाही.”

कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद करायला कोणीच उठलं नाही. माझा राग गेला असं म्हणणार नाही. तो तसाच होता, फक्त आता तो ठेवायला जागा नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या, मटार सोलणाऱ्या माणसावर तो टाकून काय मिळणार होतं? आणि माझ्याच घरात, माझ्यापासून हातभर अंतरावर, हा माणूस ते टोपलं धरून इतकी वर्षं एकटाच उभा होता, हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघंही एकमेकांना काही सांगत नव्हतो. पेन्शन आली का, एवढंच विचारत होतो.

थोड्या वेळाने मी म्हणालो, “मी सोडतोय ते पैसे.”

बाबांचा हात थांबला. “सहा वर्षांचे?”

“सहा वर्षांचे.”

“वाढीसकट?”

“वाढीसकट.”

 त्यांच्या डोक्यात बेरजा चालल्याचं मला दिसत होतं. घर आपलं आहे, त्यांची पेन्शन आहे, माझ्या बँकेत थोडंफार आहे. उद्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर मात्र ओढाताण. मानेसरची कंपनी मला देणार होती ते माझ्या पेट्रोलला पुरलं असतं आणि वर दोन वेळचा चहा. बाबांच्या दृष्टीने हा सरळ सरळ वेडेपणा होता, आणि माझ्याही दृष्टीने तो शहाणपणा नव्हता.

शेवटी ते म्हणाले, “मग आधी लिहून कळव. चोरून जाऊ नकोस. त्यांनी पकडून बंद केलं असं व्हायला नको. तू सोडलंस असं झालं पाहिजे.” आणि उठून आत गेले. त्या संध्याकाळी मटार तसेच टेबलावर राहिले.

मी ईमेल लिहिला. आजवर काहीही विचारलं की संघाकडून उत्तर यायला पंधरवडा लागायचा. यावेळी दुपारच्या आत आलं. पैसे वाचत असले की माणसं किती चटपटीत होतात.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बागेतही गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मानेसरला निघालो तर दारातल्या स्टुलावर डबा ठेवलेला. स्टीलचा, चार कप्प्यांचा, त्यांचा स्वतःचा ऑफिसचा. आत मटारची उसळ आणि पोळ्या.

“बाबा, संध्याकाळचा सराव आहे. जेवायला मी घरी येईन.”

वर्तमानपत्र खाली न घेता ते म्हणाले, “कामाला जाणाऱ्या माणसाला डबा लागतो.”

मी डबा घेतला. खरं तर मला त्यांच्याजवळ थोडं बसायचं होतं, पण आमच्या घरात तशी पद्धत नाही. ते वाचत राहिले, मी जिना उतरलो.

मैदानावर धीरजने शिट्टी माझ्या गळ्यात घातली, पोरांना माझं नाव सांगितलं, आणि गावची बस पकडायला तो निघूनही गेला. पोरं माझ्याकडे पाहत राहिली. मी संग्रामसमोर गेलो. “उस दिन झूठ बोला था. मैं वही हूं.”

“पता था सर,” तो म्हणाला. “पैर तो छुपते नहीं.”

त्या दिवशी एकजण कारखान्यातच अडकला होता, बचावात सहाच जण होत होते. मी म्हटलं, सातवा मी. संग्रामला एक घर आत सरकवलं आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. गुडघा कुरकुरला. माती गार होती. कबड्डी न खेळलेल्यांना हे माहीत नसतं, की बचाव करणारे शेजारच्याचा हात धरून उभे असतात. कोपरा आणि त्याच्या आतला गडी, हाताला हात, साखळी करून. चढाईवाला आत आला की शेजारी कुठे सरकतोय ते डोळ्यांनी बघायचं नसतं, हाताने कळतं. सगळे शिकतात, सगळे विसरूनही जातात की आपण हात धरलाय, इतकी ती सवय.

संग्रामने न बघता हात माझ्याकडे केला. मी धरला. तळवा खरखरीत, गरम, ग्रीसचा वास. सहा वर्षांत मी बँकेत हात मिळवले होते, बागेत मिळवले होते, आई गेली तेव्हा भेटायला आलेल्यांचेही मिळवले होते. पण कोणी माझा हात धरून उभं राहिलं नव्हतं. हे मला त्या क्षणापर्यंत कळलंही नव्हतं. डोळ्यांसमोर सगळं धुरकट झालं. समोरचा पोरगा कबड्डी कबड्डी करत आला, त्याचं वजन कोणत्या पायावर आहे ते मला दिसलंच नाही, आणि माझ्या खांद्याला टिचकी मारल्यासारखा हात लावून तो आरामात परत गेला. मैदानभर हशा झाला. पोरं मोकळेपणाने हसत होती, कोणीतरी तोंडाने शिट्टी मारली.

“सर जी,” संग्राम हळूच म्हणाला, “हाथ तो छोड़ दो. आप आउट हो लिए.”

“थांब रे जरा,” मी म्हणालो. मराठीत म्हणालो हे त्याच्या तोंडाकडे पाहिल्यावर लक्षात आलं, पण तो थांबला.